देवळालीच्या कांगारूची शिवलेली पिशवी

संपादकांनी माझ्याकडे बिबटे मागितले आहेत. मेलेल्या जनावरांत पेंढा भरण्याचं काम मी नाशकात सारी उमर केलं, तेव्हा शिकाऱ्यांच्या आणि साहेबलोकांच्या गमती माझ्याजवळ पुष्कळ असतील असं त्यांना वाटतं. आहेतही. दोन सांगतो, म्हणजे धंदा कसा होता ते कळेल. पण हा लेख त्या गमतींसाठी नाही. देवळालीच्या छावणीत कोंडाजी नावाचा एक मोतद्दार होता, म्हणजे घोड्यांची चाकरी करणारा. माझ्यामुळे त्याच्यावर चोर आणि खोटारडा असा शिक्का बसला. तो शिक्का खोटा होता, हे छापून यावं एवढ्यासाठी मी लिहायला बसलो आहे.

आमची जात शिंप्याची. वडिलांचं दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि मला भद्रकालीच्या मागच्या गल्लीत उस्ताद गनीभाईंनी कामाला घेतलं, ते माझा टाका बारीक होता म्हणून. घरी आई महिनाभर माझ्या हातचं पाणी घेत नव्हती. पुढे सवय झाली.

लोक 'पेंढा भरणं' म्हणतात, पण पेंढा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. जनावर आलं की छातीपासून शेपटीपर्यंत एकच चीर द्यायची आणि अंगरखा काढावा तसं कातडं उतरवायचं. मांस, चरबी खरवडून काढायची. मीठ आणि तुरटी लावून कातडं मुरवायचं, आतून सोमलाचं विष घातलेला साबण चोळायचा म्हणजे किडा लागत नाही. लाकूड आणि तारेचा सांगाडा करून त्यावर काथ्या, पेंढा बांधत बांधत जनावराचं अंग तयार करायचं आणि त्यावर कातडं चढवायचं. शेवटी शिवण. शिवण दिसली तर कारागीर कच्चा. गोळीची भोकं, काट्यांनी फाटलेलं, कुत्र्यांनी ओरबाडलेलं, सगळं आतून शिवून वरून केस विंचरायचे. माझ्या हातचं भोक सापडत नसे, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, काय करू.

एकदा पंचवटीतले एक भटजी उपरण्यात काहीतरी गुंडाळून मागच्या दाराने आले. आत पोपट होता. "चोच उघडी ठेवा. रामनाम घेता घेता गेलाय," म्हणाले. उस्तादांनी गंभीरपणे विचारलं, "पंडितजी, 'रा' पे रखूँ या 'म' पे? 'म' पे चोंच बंद होती है." भटजींनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "रा वर ठेवा. म मी म्हणेन."

दुसरे एक वकील. पेठच्या डोंगरातला बिबट्या घेऊन आले, समोरासमोर मारला म्हणाले. खांद्यांवरचे केस गजांना घासून गेले होते आणि गोळीच्या भोवती दारूने जळल्याचा काळा डाग होता. पिंजऱ्यात कोंडून मारलेला होता तो. मी डाग कापून काढला, दुसरीकडच्या कातडीचं ठिगळ लावलं, कपाळावर एक खोटं भोक पाडून तेही अर्धवट दिसेल असं शिवलं. वकीलसाहेब खूश. उस्ताद म्हणत, "गिऱ्हाईक जी गोष्ट सांगेल, तीच चामड्यानं सांगायला पाहिजे." हे मी शिकलो आणि त्यात वाकबगार झालो.

तिशीच्या दशकातली गोष्ट. माझी सहा-सात वर्षं उमेदवारी झाली होती. तोफा ओढणारे घोडे तेव्हा आगबोटीने ऑस्ट्रेलियातून येत. देवळालीच्या छावणीतल्या घोड्यांवर देखरेख करणाऱ्या साहेबाने अशाच एका बोटीवरून कांगारूंची जोडी आणवली होती. मी ती कधी पाहिली नव्हती. पौष महिन्यात एका सकाळी छावणीतला शिपाई टांग्यातून गोणपाटात गुंडाळलेलं एक धूड घेऊन आला. "मादी आहे. जबडा सुजला होता, पहाटे गेली. साहेबाला उभी करून पाहिजे," एवढं सांगून गेला.

उस्ताद काचेचे डोळे आणायला मुंबईला गेले होते, तिकडून सासुरवाडीला जाणार होते. एवढं मोठं जनावर मी एकट्याने कधी केलं नव्हतं. मी खूश झालो.

कांगारूच्या मादीला पोटाशी पिशवी असते हे आज शाळेतलं कुठलंही मूल सांगेल. मला ठाऊक नव्हतं. मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलो होतो, पण पुस्तकातलं चित्र बाजूने काढलेलं होतं. सुरी छातीवरून खाली आणली आणि पोटाशी थांबलो. तिथे आधीच एक फट होती. आत बोटं घातली तर मऊ, बिनकेसांची कातडी लागली. कुत्र्यांनी कधीतरी फाडलं असावं आणि जखम तशीच सुकली असावी, असं मी धरून चाललो. आत आचळं होती. त्यातल्या एकाच्या टोकाला बोटाएवढा गुलाबी गोळा लोंबत होता. मस वाढलंय असं समजून मी तो आचळाच्या टोकासकट कापला आणि एनॅमलच्या तसराळ्यात टाकला.

तो हलला.

त्याला पुढचे दोन पाय होते, पायांना नखं होती आणि ती नखं तसराळ्यावर खरवडत होती. मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. अंगावर एक केस नाही. डोळ्यांच्या जागी कातडीखाली दोन काळे ठिपके. तोंड मात्र आचळाच्या तुकड्यावर घट्ट मिटलेलं. मी कापला होता तो तुकडा त्याने सोडला नव्हता.

माझ्या हातातली सुरी खाली पडली ती मी बराच वेळ उचलली नाही. मेलेल्यांशी काम करणारा माणूस मी. टेबलावर काही जिवंत असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दूध आणावं, ऊब द्यावी, शेजारी कुणाला हाक मारावी, यातलं मी काहीही केलं नाही. सुचलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला किळस आली होती आणि भीती वाटत होती. दुपारच्या बांगेपर्यंत ते हलत होतं, मग थांबलं. मी ते भुशात गुंडाळलं आणि बाकीच्या मांसाबरोबर नदीकाठच्या खड्ड्यात पोचवलं.

संध्याकाळी ती फट आतून शिवायला घेतली. शिंप्याचा हात, फाटलेलं दिसलं की शिवायचं. अंगठ्याएवढ्या जागेत वीस टाके घातले असतील. दिवा जवळ नेऊनही शिवण दिसेना.

पाच दिवसांनी कोंडाजी आला. तिशीचा, काटक, खाकी सदरा. वणीजवळच्या एका गावचा. बायको बाळंत झाली म्हणून रजेवर गेला होता आणि मादी मेली तेव्हा इथे नव्हता.

"मास्तर, पाटलीन तुमच्याकडं हाय ना?" नराला तो पाटील म्हणे आणि मादीला पाटलीण.

कातडं तुरटीत होतं. मी तसं सांगितलं.

"आन् पिल्लू?"

"कसलं पिल्लू?"

"पिशवीतलं. पोटाला पिशवी नसती का तिच्या? त्यात. म्या सोता बघितलंय, बोटावानी. लय बारीक. साहेब हसतो मला. म्हनतो, नर जेठात मेला, आता पौष चाललाय, पिल्लू आभाळातनं आलं का? पर मडम चांगली. तिनं पाटलिनीला रोज दूध-पाव लावून दिला माझ्या सांगण्यावरून."

जखम नव्हती ती. मस नव्हतं. मी काय शिवलं आणि काय कापलं ते मला त्या मिनिटाला कळलं. आणि त्याच मिनिटाला माझ्या तोंडून निघालं, "पिशवी रिकामी होती. काही नव्हतं."

"नीट बघितलं का मास्तर?"

"माझं कामच ते आहे."

तो खाली बसला. म्हणाला, "मंग पडलं आसंल कुटं. म्या गावाला जायाला नको व्हतं." आणि कातडं मुरत होतं त्या पिंपाला हात लावून निघून गेला.

टाके उसवून पिशवी मोकळी करायला मला सगळी रात्र होती, पुढचे पंधरा दिवस होते. मी उसवले नाहीत. उसवले असते तर आतलं कापलेलं आचळ दिसलं असतं. उस्ताद परत आले, त्यांनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाह. दर्जी का बेटा है आखिर." त्यांनीही कांगारू आधी पाहिलेलं नव्हतं.

जनावर उभं झालं आणि साहेब, त्याची मडम आणि कोंडाजी असे तिघे आले. साहेबाने कांगारूभोवती एक फेरी मारली, खाली वाकला आणि विचारलं, "थैली किधर है?"

मी तयारीत होतो. "साहेब, थैली ढिली पडली होती, लोंबत होती. बरी दिसावी म्हणून शिवून टाकली."

"अंदर बच्चा था?"

"नाही साहेब. खाली थी."

उस्ताद पुढे झाले. "हुजूर, मेरा आदमी झूठ नहीं बोलता."

मडमने कोंडाजीकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. साहेब आवाज न चढवता त्याला म्हणाला, "तो दूध तुम पिया." कोंडाजी म्हणाला, "नाय साहेब. पाटलिनीची आन." साहेब त्यावर हसला. माझ्या कामाची तारीफ केली. त्याच आठवड्यात कोंडाजीला नोकरीवरून काढलं.

साहेबाची नोकरी सुटली की माणूस चिठ्ठी मागून घेई. चाकरीचा दाखला. बटलर, माळी, मोतद्दार, सगळे त्या चिठ्ठ्या मेणकापडात जपून ठेवत, कारण पुढचा साहेब आधी ती वाचे. वाचता मात्र यांतल्या बहुतेकांना येत नसे. चैत्रात कोंडाजी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला.

"सहा ठिकाणी दावली मास्तर. वाचत्यात आन् हाकलून देत्यात. त्यात काय हाय त्ये तुमीच सांगा. दुसरं कोन वळखीचं हाय मला, विंग्रजी वाचनारं?"

चार ओळी होत्या. हा माणूस नऊ वर्षं माझ्या जनावरांजवळ होता. जनावराच्या नावावर तो दूध चोरत होता आणि त्यासाठी त्याने एक हास्यास्पद थाप मारली. तो खोटारडा आहे. कुणीही याच्या हाती जनावर देऊ नये.

मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो, "नऊ वर्षं जनावरांजवळ होता असं लिहिलंय. मेहनती आहे. जनावरांना जीव लावतो. चांगलं लिहिलंय."

"मंग?"

"सध्या जागा नसतील."

त्याने चिठ्ठीची घडी घातली. जाताना म्हणाला, "येक विचारू? व्हतं का वो काही त्यात?"

मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा.

त्यानंतर तो दिसला नाही. मी माझ्यापुरती एक समजूत करून घेतली. साहेब शिकलेला माणूस. नर मेल्यावर सात-आठ महिन्यांनी पिल्लू होत नाही, हे त्याचं म्हणणं बरोबर असणार. म्हणजे मी पाहिलं ते मसच. ताजं मांस कधीकधी फडफडतं, आमच्या कामात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नखं मला भास झाली असतील. या समजुतीवर मी चाळीस वर्षं काढली, लग्न केलं, मुलं वाढवली, उस्ताद गेल्यावर दुकान चालवलं.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत राहणारे, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक त्यांच्या प्रयोगशाळेतलं घुबड दुरुस्तीला घेऊन आले. काम पाहता पाहता बोलणं निघालं आणि मी सहज विचारावं तसं कांगारूंचं विचारलं. माणूस रंगात आला. दुसऱ्या दिवशी चित्रांची पुस्तकं घेऊन आला.

या प्राण्यांना शिशुधान म्हणतात, त्यांनी सांगितलं. पिशवीत पोर वाढवणारे. फार पूर्वी दक्षिणेकडचे भूखंड एकमेकांना जोडलेले होते, तेव्हा यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकावरून चालत ऑस्ट्रेलियात पोचले. मग ती जमीन तुटून अलग झाली. तिथे हरणं नव्हती, लांडगे नव्हते, वाघ नव्हते. तेव्हा यांच्यातलेच काही चरणारे झाले, काही शिकार करणारे, काही बिळं खणणारे, काही झाडावरून झाडावर तरंगत जाणारे. गेंड्याएवढा पाला खाणारा एक होता, त्यालाही पिशवी. सिंहासारखा एक होता. ते सगळे माणसाच्या आठवणीपलीकडे नामशेष झाले. पाठीवर पट्टे असलेला लांडग्यासारखा एक मात्र अगदी आपल्या काळापर्यंत होता. मेंढ्या मारतो म्हणून लोकांनी तो मारत आणला आणि शेवटचा एक प्राणिसंग्रहालयात मेला. कधी मेला ते ऐकून मी मनात वर्षं मोजली; मी माझ्या टेबलावर सुरी चालवली तो सुमार तोच होता. "आता त्याची पेंढा भरलेली कातडी तेवढी उरलीत, तुमच्यासारख्यांच्या हातची," प्राध्यापक म्हणाले. त्यांना ते कौतुकाने म्हणायचं होतं.

मग त्यांनी पिल्लाचं चित्र काढलं. कांगारूचं पोर घेवड्याच्या दाण्याएवढं असताना जन्मतं. आंधळं, उघडं. पुढच्या दोन पायांच्या नखांनी आईच्या केसांना धरत एकट्याने पिशवीपर्यंत चढतं आणि आचळ तोंडात घेतं. आचळ तोंडात फुगतं, म्हणून सुटत नाही. चित्रात ते तसंच होतं. पुढचे पाय, नखं, मागचे कोंब, कातडीखालचे दोन ठिपके.

मी म्हणालो, "पण नर मरून सात-आठ महिने झाले असतील तर नाही ना होणार?"

"होईल की," ते म्हणाले. "हेच तर अलीकडे कळलंय. एक पिल्लू पिशवीत पीत असताना पुढचा गर्भ पोटात नुसता थांबून राहतो, बियाणं ठेवावं तसा. पहिलं पिल्लू बाहेर पडलं किंवा मेलं की मग वाढायला लागतो. मधल्या काळात नर असो नसो. पहिलं पिल्लू होतं का त्या मादीला?"

होतं. तिचं एक पिल्लू दिवाळीच्या सुमारास छावणीतल्या कुत्र्यांनी मारलं, असं तो शिपाई टांग्याजवळ उभं राहून टांगेवाल्याला सांगत होता. मी ते ऐकलं होतं.

घुबड तसंच टेबलावर राहिलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. समजूत गेली होती. कोंडाजीने पाहिलं ते खरं होतं आणि साहेबाचं शिक्षण चुकलं होतं, आणि त्या दोघांमध्ये खरं ठाऊक असलेला एकच माणूस होता, तो मी.

चार दिवसांनी एस.टी.ने वणीला गेलो, तिथून पायी त्याच्या गावाला. कोंडाजी दहा वर्षांपूर्वीच वारला होता. छावणीनंतर त्याने कधी घोड्याला हात लावला नाही. सप्तशृंगीच्या गडावर यात्रेकरूंच्या डोल्या वाहिल्या, खांद्याला घट्टे पडेपर्यंत. त्याची मुलगी ठकूबाई ओट्यावर भुईमूग फोडत होती. ज्या बाळंतपणासाठी तो रजेवर गेला होता, ती ही. मी नाशकाहून आलो एवढंच म्हणालो.

"पेंढा भरनारे शिंपी का तुमी?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. तिने पाट पुढे सरकवला.

"बाप सांगायचा तुमचं. म्हनायचा, नाशकात येक शिंपी हाय, त्यानं मला चिठ्ठी वाचून दावली. लय ग्वाड वाचली."

"त्यांना कळलं होतं?"

"मंग? चांदवडला घोड्याच्या डागदरकडं गेला काम मागाया. त्या डागदरनं खरी वाचली. समद्या लोकांम्होरं."

"मग माझ्याकडे परत का नाही आले?"

"म्या बी त्येच इचारलं. तर म्हनला, अगं, त्यो शिंपी वाचताना कागदाकडं बघतच नव्हता. पिशवी खरंच रिकामी आसती, तर त्याला खोटं वाचायचं काय कारन? तवाच मला उमगलं, पिल्लू व्हतं. माजे डोळे खोटं बोलले नाय." तिने शेंगा फोडणं थांबवलं नव्हतं. "त्येवढ्यावर जगला बगा त्यो. पर गाव काय त्येवढ्यावर चालत नाय. गाव त्याला दूधप्या म्हनायचं. म्या दूधप्याची ठकी. लगनात नवऱ्याच्या मानसांनी वाटीत दूध घालून म्होरं ठिवलं, म्हनले, मोजून घ्या. आईनं वाटी उचलून आत नेली."

मी माझं सगळं सांगितलं. सुरी, तसराळं, दुपारची बांग. सांगताना रडू आलं. ती म्हणाली, "रडून काय करू त्याचं मी? तुमाला लिवता येतं ना?"

"येतं."

"मंग छापून आना. त्याचं नाव पुरं घाला. मला वाचाया येत नाय, पर सून वाचती. चावडीवर वाचाया लावीन तिला. आन् ती कागदाकडं बघून वाचंल."

म्हणून तिच्या सुनेला अडखळायला होऊ नये अशा शब्दांत लिहितो. देवळालीच्या छावणीतल्या कांगारूच्या पिशवीत पिल्लू होतं. ते जिवंत होतं. कोंडाजी सखाराम गायखे यांनी ते सगळ्यांच्या आधी पाहिलं आणि खरं सांगितलं. त्यांनी दुधाचा एक थेंबही चोरला नाही, दूध जिच्यासाठी मागितलं तीच ते पीत होती. पिल्लू मी कापलं, पिशवी मी शिवली आणि तीन वेळा विचारल्यावर तीन वेळा खोटं मी बोललो. साहेबाच्या चिठ्ठीतला खोटारडा हा शब्द ज्याला खरा लागू होता, तो माणूस त्या दिवशी दुकानात चिठ्ठी ऐकत नव्हता, वाचत होता.